चिमणीसारखा वाजणारा ट्रक : क्रॉस जॉइंट, ग्रीस आणि आमचा एक शनिवार



नववीच्या वर्गात ध्वनीवर बोलत होतो. "घरात किंवा शेतात ऐकलेला एखादा असा आवाज सांगा, ज्यावरून काहीतरी बिघडलंय हे कळतं," असं विचारलं. कुणी पिठाची चक्की सांगितली, कुणी मोटारीचा पंप. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी हजेरीपुरतं बोलतो, तो म्हणाला, "सर, आमचा ट्रक चिमणीवानी वाजतोय. सावकाश चालवला की चिंव चिंव. जोरात पळवला की ऐकू येत नाही."

वर्ग हसला. मी नाही हसलो, त्याला कारण आहे. माझा मामा ट्रकवर क्लीनर होता. चढाच्या रस्त्यावर गाडी गिअरमध्ये टाकून तो आणि ड्रायव्हर खालचा शाफ्ट सोडत होते. शेवटचा बोल्ट निघाला आणि गाडी मागे सरकली. चाकांना दगड लावलेले नव्हते. मामाचा उजवा पाय गेला. मी तेव्हा पाचवीत होतो. गाडी गिअरमध्ये असताना मागे गेलीच कशी, हे मला पुढे बरीच वर्षं कळलं नव्हतं. म्हणून मुलाला विचारलं, "दुरुस्ती कोण करतं?" म्हणाला, "वडीलच करतात, खाली झोपून. मी पाना धरतो."

त्याच दिवशी वडिलांना फोन लावला. गळीत हंगाम तोंडावर होता, गाडी दारातच उभी होती. जुनी सहाचाकी, उसासाठी हौदा बांधलेली. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, गावातल्या मिस्त्रींना विनंती केली, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर गाडी मैदानावर आणायचं ठरलं. अट एकच होती. गाडीखाली फक्त मिस्त्री जाणार. मुलं खडूने आखलेल्या रेषेच्या बाहेर उभी राहणार.

आता थोडं यंत्राबद्दल, म्हणजे ज्यांनी कधी गाडीखाली वाकून पाहिलं नाही त्यांनाही पुढचं समजेल.

ट्रकचं इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे, आणि ज्यांनी गाडी ओढायची ती चाकं मागे. मधलं अंतर एक लांब पोकळ नळी पार करते. तिला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात, गॅरेजच्या भाषेत नुसतं 'शाफ्ट'. अडचण अशी की गिअरबॉक्स सांगाड्याला बांधलेला असतो आणि मागचा आक्सल पाट्यांवर खालीवर होत असतो. म्हणजे शाफ्टचा कोन सतत बदलणार, आणि त्या बदलत्या कोनातूनही त्याने फिरत राहायचं. हे काम यू. जे. क्रॉस करतो. अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा, त्याला चार खुंट, प्रत्येक खुंटावर एक टोपी, आणि टोपीच्या आत गोल बसवलेल्या बारीक पोलादी सुया. समोरासमोरच्या दोन टोप्या एका काट्यात, उरलेल्या दोन दुसऱ्या काट्यात. काट्याला मिस्त्री 'योक' म्हणतात. मनगटासारखं समजा, मात्र सतत फिरणारं मनगट.

कल्पना जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या जिरोलामो कार्डानो या इटालियन गणितज्ञाचं नाव तिला चिकटलं, सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने ती उपकरणांत वापरली. हा तोच हूक, ज्याचा स्थितिस्थापकतेचा नियम आपण शिकवतो. मोटारीत हा सांधा रुजवण्यात अमेरिकेतल्या क्लॅरेन्स स्पायसरचा मोठा वाटा. त्याला १९०३ मध्ये पेटंट मिळालं. त्या काळातल्या कित्येक मोटारी सायकलसारख्या साखळीवर चालत.

चिमणी नेमकी कुठे बसली आहे?

शनिवारच्या आधी मुलांना एक काम दिलं होतं. आवाज मागच्या चाकातून येतो की शाफ्टमधून, हे गाडीखाली न जाता सांगायचं. मागच्या चाकावर खडूची रेघ मारली. वडिलांनी गाडी माणूस चालेल इतक्या हळू चालवली, मुलगा बाजूने सुरक्षित अंतर ठेवून चालला आणि मोबाईलवर आवाज टिपला. चाकाची रेघ दहा वेळा खाली आली तेवढ्यात चिवचिवाट किती वेळा झाला, हे वर्गात ध्वनिमुद्रण हळू वेगाने ऐकून मोजलं. तीन गटांनी वेगवेगळं मोजलं : ६१, ६२, ६२.

आवाज चाकाच्या बेअरिंगमधून येत असता तर चाकाच्या वेगाशी त्याचा ताल जुळला असता. इथे चाकाच्या एका फेरीत सहाहून थोडे जास्त आवाज. मागच्या आक्सलमध्ये दात्यांची जोडी असते, ती शाफ्टचा वेग काही पटींनी कमी करून चाकाला देते. अशा जुन्या गाड्यांत हे प्रमाण सहाच्या आसपास असू शकतं हे मला माहीत होतं. म्हणजे आवाज शाफ्टच्या प्रत्येक फेरीला एकदा येतोय. मुलांना सांगितलं, "हा आपला अंदाज झाला. शनिवारी शाफ्टच्या फेऱ्या प्रत्यक्ष मोजू, मग पक्कं म्हणू."

शनिवारी मिस्त्रींनी आधी पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून लाकडी ठोकळे लावले, गाडी सपाट जागी आहे ना ते पाहिलं, मग मागची एक बाजू जॅकने उचलून आक्सलखाली लोखंडी घोडी दिली. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कुणी खाली गेलं नाही. गिअर न्यूट्रल. उचललेलं चाक मिस्त्रींनी हाताने दहा वेळा फिरवलं आणि मुलांनी रेषेबाहेरून शाफ्टवरची खडूची रेघ मोजली.

३१ फेऱ्या.

म्हणजे एका फेरीला ३.१. सहा नाही. मुलं माझ्याकडे बघायला लागली. पुन्हा मोजलं, पुन्हा ३१. खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही. मुलांसमोर तसं म्हणालोही. चिवचिवाट एका फेरीला दोनदा होत असेल, अशी पळवाट मनात आली होती, आणि ती बरी वाटत होती. मिस्त्री मात्र खालूनच म्हणाले, "गुरुजी, दुसरं चाक जमिनीवर हाय की!"

एवढ्याने माझी ट्यूब पेटली. आक्सलच्या मधल्या गोळ्यात डिफरेन्शियल असतं. शाफ्टचा वेग दोन्ही चाकांच्या वेगांच्या सरासरीशी बांधलेला असतो. एक चाक एक फेरी फिरलं आणि दुसरं शून्य, तर सरासरी अर्धी. म्हणून शाफ्टही निम्माच फिरला. ३.१ ची दुप्पट ६.२, आणि दहा फेऱ्यांचे ६२ चिवचिवाट. जुळलं! सरासरी या एका शब्दावर मी इतकी वर्षं गुणपत्रकांची उदाहरणं घालतोय. यापुढे हे घालणार.

यातूनच मामाच्या गोष्टीचाही उलगडा मुलांना सांगता आला. गाडी गिअरमध्ये ठेवली की इंजिन चाकांना अडवतं, पण ते अडवणं शाफ्टमधूनच चाकापर्यंत पोचतं. शाफ्ट सोडला की गिअर आणि चाक यांचा संबंध तुटला. काही जुन्या गाड्यांत तर हँडब्रेकसुद्धा गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टवरच असतो. तिथे शाफ्ट काढला की हँडब्रेकही गेला. इतकंच कशाला, अशा गाडीचं मागचं एक चाक नुसतं उचललं तरी तो ब्रेक निरुपयोगी होतो, कारण शाफ्ट अडवलेला असतानाही एक चाक पुढे आणि एक मागे फिरू शकतं. म्हणून ठोकळे. त्या मुलाच्या वडिलांनी हे ऐकलं आणि काही बोलले नाहीत. नंतर मिस्त्रींकडून ठोकळ्यांची मापं लिहून घेतली.

ग्रीस म्हणजे काय आणि ते जातं कुठे

मुलांना ग्रीस म्हणजे घट्ट तेल वाटतं. तसं ते नाही. तेल आणि त्याला धरून ठेवणारा साबण, असं ते मिश्रण आहे. स्पंजात पाणी राहावं तसं तेल साबणाच्या जाळीत राहतं आणि रेटा-घासण मिळाली की थोडं थोडं बाहेर येतं. हा साबण अंगाचा नव्हे. बहुतेक वेळा लिथियमचा, काही ग्रीसमध्ये कॅल्शियमचा. डब्यावर २ हा आकडा असतो, तो घट्टपणाचा. ठरावीक वजनाचा शंकू २५ अंश सेल्सिअसला ग्रीसमध्ये पाच सेकंद बुडू देतात. २ नंबरच्या ग्रीसमध्ये तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर जातो. साधारण लोण्याइतकं. क्रॉससाठी लिथियमचं, जास्त दाब सोसणारं, २ नंबरचं ग्रीस बहुतेक ठिकाणी चालतं, पण गाडीच्या पुस्तकात दुसरं सांगितलं असेल तर तेच.

दोन प्रकारची ग्रीस उगाच मिसळू नयेत. काही साबणांचं एकमेकांशी पटत नाही. मिश्रण पातळ होऊन गळून जातं. रंगावरून ओळखायला जाऊ नका, रंग कंपनी हवा तो घालते.

क्रॉसला बहुधा मध्यभागी एकच ग्रीस निपल असतं. त्यातून आत भोकं कोरलेली असतात, ती चारही खुंटांच्या टोकापर्यंत जातात. आमच्या भागातल्या मुलांना हे समजावायला एक वाक्य पुरलं : एका पाटातून चार सऱ्यांना पाणी. पाणी उताराच्या सरीला आधी जातं, ग्रीसही जिथे वाट मोकळी तिकडे आधी जातं. त्यामुळे एका टोपीतून ग्रीस बाहेर आलं म्हणून काम झालं असं नाही. चारही टोप्यांच्या कडेतून जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसलं पाहिजे. अनेक जण दोन पंप मारतात, कुठेतरी ग्रीस दिसलं की पुढे जातात. चिमण्या तिथेच जन्मतात.

मिस्त्रींची पद्धत मी बारकाईने पाहिली. आधी निपल चिंधीने स्वच्छ पुसायचं, नाहीतर त्यावरची माती ग्रीसबरोबर थेट सुयांमध्ये जाते. गनचं तोंड सरळ बसवायचं. मग सावकाश पंप. घाईने दाब दिला तर टोप्यांचे सील उलटतात. या गाडीला दोन तुकड्यांचा शाफ्ट, म्हणून क्रॉस तीन. शिवाय शाफ्टची लांबी कमीजास्त व्हायला एक सरकता जोड असतो, त्याला वेगळं निपल. त्याच्या टोकाच्या झाकणाला बारीक भोक होतं. तिथून ग्रीस डोकावल्यावर मिस्त्रींनी भोकावर अंगठा ठेवून आणखी थोडं भरलं, तेव्हा ते दुसऱ्या टोकाच्या सीलपाशी आलं. हे न केल्यास जोडाचे दाते अर्धे कोरडेच राहतात. शेवटी बाहेर आलेलं ग्रीस पुसून काढलं, कारण धूळ त्यालाच चिकटते.

मुलं रेषेबाहेर कंटाळू नयेत म्हणून दुसरी ग्रीस गन त्यांच्या हाती दिली होती, निपल न लावता. किराणा दुकानातून आणलेल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर कागद ठेवून दहा पंप मारले : ११ ग्रॅम. म्हणजे पंपाला १.१ ग्रॅम. मग दांडा मोजला. टेकूपासून हात ४० सेंटिमीटरवर, दट्ट्याची कडी २.५ सेंटिमीटरवर, म्हणजे १६ पट. दट्ट्याचा व्यास ८ मिलिमीटर, क्षेत्रफळ जेमतेम अर्धा चौरस सेंटिमीटर. हाताने १५ किलोचा जोर दिला तर दट्ट्यावर २४० किलो, आणि अर्ध्या चौरस सेंटिमीटरवर २४० म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला ४८० किलो. घर्षणात काही गेलं तरी आकडा शेकड्यातच राहतो. ट्रकच्या टायरमध्ये साधारण ७ असतो. आठवीतला 'बल व दाब' पुन्हा शिकवावा लागला नाही. आणि गन चालू असताना तिच्या तोंडासमोर बोट का धरायचं नाही, हेही वेगळं सांगावं लागलं नाही. इतक्या दाबाने ग्रीस कातडी फोडून आत शिरू शकतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण तसं झालं तर घरी मलम न लावता ताबडतोब दवाखाना गाठायचा.

एक टोपी ग्रीस घेईना

पहिले दोन क्रॉस नीट झाले. मागच्या, आक्सलजवळच्या क्रॉसमध्ये तीन टोप्यांतून ग्रीस आलं, चौथी कोरडी. मिस्त्रींनी शाफ्ट थोडा हलवला, अर्धी फेरी फिरवून पुन्हा पंप केला. नाही. टोपीची पकड जराशी ढिली करून पाहिली. तेव्हा कडेतून ग्रीसऐवजी विटकरी पूड निघाली. मिस्त्री म्हणाले, "संपला हा."

मग मात्र शाफ्ट उतरवायचं ठरलं. त्याआधी मिस्त्रींनी सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवर आरपार एक खूण मारली. का मारली, ते आम्ही पुढच्या आठवड्यात वर्गात पाहिलं. सायकलच्या स्पोकचे दोन काटे, मध्ये खोडरबराचा क्रॉस, दोन्ही टोकांना पुठ्ठ्याचे कोनमापक. सरळ धरलं तर इकडे ४५ अंश फिरवल्यावर तिकडेही ४५. पण सांधा ४५ अंशात वाकवून धरला आणि इकडे ४५ फिरवलं, तर तिकडे सुमारे ३५! (सुरुवात क्रॉसच्या दुसऱ्या स्थितीतून केली तर ५५.) ९० ला मात्र दोन्ही बरोबर. म्हणजे वाकलेला सांधा एका फेरीत दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. नववीच्या त्रिकोणमितीने ते पडताळता येतं : एका बाजूच्या कोनाच्या टॅनला वाकाच्या कोसाइनने गुणलं की दुसऱ्या बाजूच्या कोनाची टॅन मिळते. कोसाइन ४५ म्हणजे ०.७०७, आणि ३५.३ अंशाची टॅन तेवढीच.

ट्रकमध्ये वाक इतका नसतो. ५ अंश धरला तर फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण ताशी ६० किलोमीटरला हिशोब करा. मिनिटाला १००० मीटर, चाकाचा घेर सुमारे ३.२ मीटर, म्हणजे चाक ३१२ फेऱ्या, शाफ्ट १९०० च्या वर. सेकंदाला ३२ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत दोन हिसके. उपाय असा की शाफ्टच्या दोन टोकांचे काटे एका पातळीत ठेवायचे आणि दोन्ही सांध्यांचे कोन सारखे. पहिला जेवढा बिघडवतो तेवढं दुसरा निस्तरतो. सरकता जोड वेगळा करून एक-दोन दाते चुकवून बसवला की हा मेळ मोडतो आणि गाडी थरथरायला लागते. ग्रीस ताजं, क्रॉस नवा, तरी थरथर. अशी गाडी घेऊन लोक आठवडाभर चाकं बॅलन्स करत बसतात. खूण मारायला खडूचा अर्धा मिनिट लागतो (तेलकट लोखंडावर खडू टिकत नाही, छिन्नीचा ठिपका बरा).

काढलेल्या क्रॉसवर मुलांनी बोट फिरवलं. कोरड्या खुंटावर सुयांच्या जाडीच्या समांतर खाचा पडल्या होत्या, नखाला लागतील अशा. चालत्या गाडीत सुया पूर्ण गोल फिरत नाहीत, थोड्याशा मागेपुढे डुलतात. त्यामुळे वंगण गेलं की त्याच त्याच जागी घाव बसतात. याचीच दुसरी बाजू मला नवी होती. शाफ्ट अगदी सरळ रेषेत असला तर सुया हलणारच नाहीत, आणि तरीही खाचा पडतील. म्हणून थोडा वाक मुद्दाम ठेवलेला असतो.

या क्रॉसने हंगाम काढला असता का? मिस्त्री म्हणाले, "काढलाही असता, नाहीतर वाटेत सोडला असता." मागचा जोड सुटला तर शाफ्ट रस्त्यावर फरफटतो, ब्रेकचे पाइप तोडतो. पुढचा सुटला तर त्याहून वाईट. शाफ्टचं टोक रस्त्यात रुतून मागचा भाग उचलू शकतं. तसं होऊ नये म्हणून शाफ्टखाली लोखंडी पट्टी असते. या गाडीची पट्टी एका बोल्टवर लोंबत होती. तीही त्याच दिवशी कसली.

पालकांसाठी, ज्यांच्या घरी ट्रक, टेम्पो किंवा ट्रॅक्टर आहे, दोन गोष्टी. ट्रॅक्टरच्या मागून अवजाराला जाणाऱ्या शाफ्टलाही हेच क्रॉस असतात, आणि तो उघडा फिरत असेल तर कपडा, ओढणी, गमछा ओढून घेतो. त्यावरचं प्लास्टिकचं आवरण काढून टाकू नका. दुसरं, किती दिवसांनी ग्रीस करायचं ते गाडीच्या पुस्तकात असतं, पण ते आकडे बऱ्या रस्त्यांसाठी धरा. चिखल-पाण्यातून, उसाच्या फडातून गाडी काढत असाल तर त्याआधीच. पाण्यातून जाऊन आल्यावर तर लगेच. आणि उलट गिअरमधून पुढचा टाकताना खालून 'टक्' असा आवाज येत असेल, तर ग्रीसची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

जुना क्रॉस आता प्रयोगशाळेत, लोहचुंबकांच्या खोक्याशेजारी आहे. टोप्या खुंटावर सैल बसतात, सुया एका काचेच्या बरणीत ठेवल्यात. कुणा शिक्षकांना असा नमुना हवा असेल तर जवळच्या गॅरेजात भंगारातला क्रॉस मागा, बहुतेक जण नुसताच देतात; आधी रॉकेलमध्ये धुऊन घ्या, तेही मोकळ्या हवेत आणि स्वतः. स्पोकच्या काट्यांचं मॉडेल करताना खोडरबर लवकर फाटतं. चपलेच्या जुन्या तळव्याचा तुकडा जास्त टिकतो, हे त्याच मागच्या बाकावरच्या मुलाने शोधलं.

परवा तो सांगत होता, ट्रकच्या दाराच्या आतल्या बाजूला त्याने रंगाने किलोमीटरचा आकडा आणि तारीख लिहिलीय, आणि हंगाम संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी खाली नवी ओळ लिहायची ठरलंय. ठोकळे वडिलांनी बाभळीचे करून घेतले. गाडीखाली त्याला आता जाऊ देत नाहीत, त्यावर तो जरा नाराज आहे.